आधी सिलेक्शन, मग स्लायडर

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, वय 26. घरी केळी आणि कपाशी, वडिलांबरोबर शेती बघतो. फोटोचा नाद कॉलेजपासून. दोन वर्षांपूर्वी जळगावहून 24 मेगापिक्सेलचा सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत 18-55 ची किट लेन्स. सगळे सांगतात म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो एकदम झाक दिसतो, लॅपटॉपवर उघडला की फिकट. मग प्रीसेट, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंग, लावतो. विकत घेतलेले 350 प्रीसेट आहेत. एकाने चेहरे नारिंगी होतात, दुसऱ्याने राखेसारखे. एकेका फोटोवर अर्धा तास जातो. वैशाखात आतेबहिणीचं लग्न झालं, तेव्हा 3,100 फोटो काढले. अजून दिले नाहीत. आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘फोटू कव्हय देशी रे भाऊ?’ सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गेलो तर पांढरे घोडे करडे आले. आता दीड लाखाचा, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा हप्त्यावर घेऊ, की पुण्याला कोर्स करू? सॉफ्टवेअर कोणतं चांगलं? ता. क. – आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत एकाच जागी काळसर ठिपका येतो. लेन्स पुसून पाहिली, जात नाही.

उत्तर :

भाऊ,

हप्ता सुरू करू नका. कोर्सची फीसुद्धा सध्या घरातच राहू द्या. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यात कॅमेऱ्याची चूक म्हणावी अशी एकही गोष्ट सापडली नाही. 24 मेगापिक्सेलची फाइल 12 बाय 18 इंचांच्या छपाईला पुरून उरते, आणि लग्नाच्या अल्बमचं एक पान त्याहून मोठं क्वचितच असतं. तुमचं घोडं दुसरीकडेच अडलंय. तुम्ही काढलेलं सगळं ठेवता, ठेवलेलं सगळं एडिट करायला बसता आणि तिथेच दमता.

आधी फिकटपणाचं बघू, कारण त्याने तुमचा जीव उगाच खाल्लाय. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तुम्हाला रॉ फाइल दिसतच नसते. त्या फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला एक जेपेग असतो. त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवलेला, रंग चढवलेले, कडा धारदार केलेल्या. स्क्रीनवर दिसतो तो हा. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर हा जेपेग बाजूला सारतं आणि सेन्सरने नोंदवलेला कच्चा माल आपल्या हिशेबाने उघडतं. म्हणून तो मवाळ, फिका दिसतो. एडिटिंगला लाइटरूम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या ‘डेव्हलप’ भागात अगदी वर ‘प्रोफाइल’ असतं. तिथे ‘अडोबी कलर’ ऐवजी ‘कॅमेरा स्टँडर्ड’ किंवा ‘कॅमेरा पोर्ट्रेट’ निवडून बघा. स्क्रीनवर पाहिलेला बराचसा रंग एका क्लिकमध्ये परत येईल. तुमचे निम्मे प्रीसेट या एका क्लिकचंच काम करू पाहत होते, तेही वाकड्या वाटेने.

मग रॉचा फायदा काय? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या मिळतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. सावलीत गेलेला नवरीचा चेहरा वर काढायचा असेल किंवा हळदीच्या पिवळ्यातून खरा रंग शोधायचा असेल, तर या जादा पायऱ्या कामी येतात. पण घरच्या कार्यक्रमात मी तर म्हणेन, रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. कानबाई (आपला खानदेशातला देवीचा सण) बसली, रोट झाले, दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं; त्याच संध्याकाळी वीस जेपेग घरच्यांना पाठवून मोकळं व्हा. रॉ नंतर सवडीने बघता येतात. आत्यालाही तेव्हा असेच वीस मिळाले असते तर आजचे फोन आले नसते.

आता घोडे. कॅमेऱ्यातल्या मीटरला घोडा कळत नाही, उजेड कळतो. समोरच्या चौकटीची सरासरी मध्यम करड्याच्या आसपास असणार, असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो. चौकटभर पांढरा घोडा आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. पांढऱ्याचा करडा होतो तो असा. उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा आहे, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण हाताने कमी-जास्त करायचा. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर अधिक 1, कधी त्याहून थोडं जास्त. काळा घोडा किंवा गोठ्यातली म्हैस असेल तर उणे 1. एक मात्र लक्षात ठेवा, याच्या उलटही होतं. काळ्याभोर दरवाज्यासमोर पांढरं धोतर-टोपी घातलेले आजोबा उभे असले, तर कॅमेरा दरवाज्याच्या अंधाराला भुलून उजेड वाढवतो आणि टोपी जळते, म्हणजे बारकावे जाऊन नुसती पांढरी उरते. तिथे उणेच करायचं. म्हणजे नियम पाठ करून भागत नाही. चौकटीत जास्त जागा कोणी व्यापली आहे ते बघावं लागतं. आणि स्क्रीनवरचा फोटो कसा दिसतो यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन काळी दिसते, रात्री अंधारात तीच झगमगते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड), बघा, जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या कडेला चिकटून कापला गेला असेल तर एक पायरी खाली या. आकाशाचा तुकडा जळला तर चालेल, नवरीच्या गालाची चमक जळली तर चालणार नाही.

उजेडाबद्दल खानदेशात राहून जरा वेगळंच शिकावं लागतं. इथल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सकाळी दहा-अकरापासून चारपर्यंतचा उजेड माणसाच्या चेहऱ्याला शत्रूसारखा असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, नाकावर पांढरा चट्टा. अशा वेळी एडिटिंगमध्ये ‘शॅडोज’ शंभरवर ओढण्यापेक्षा माणसांना हलवा. निंबाखाली न्या. पण पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर येतील अशा जागी नको, दाट सावलीत. त्याहून चांगली जागा म्हणजे घराचा ओटा. माणूस ओट्यावर सावलीत, तोंड मोकळ्या अंगणाकडे, तुम्ही अंगणात. अंगणातून परत येणारा मऊ उजेड चेहऱ्यावर एकसारखा पसरतो. यासाठी पैसे पडत नाहीत, आणि हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स यापेक्षा फार काही निराळं करत नाही.

तुमच्या घरी केळी आहे म्हणून एक खास सांगते. बागेच्या आत काढलेले पोर्ट्रेट आजारी का दिसतात, याचा विचार केलाय का? पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि तो कातडीवर बसतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच ठेवणाऱ्या सोयीला, ते नीट कळत नाही, कारण पूर्ण चौकटच हिरवी असते. बागेत शिरताना एक साधा पांढरा कागद किंवा करडं कार्ड खिशात ठेवा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या हातात तो देऊन पहिला फोटो घ्या. घरी आल्यावर व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने त्या कागदावर क्लिक करा आणि तीच सेटिंग त्या बागेतल्या बाकीच्या फोटोंना लावा. कागद नसेल तर ‘टिंट’चा स्लायडर थोडा जांभळ्या-गुलाबी बाजूला सरकवा. लग्नाच्या मांडवाचंही हेच. लाल-गुलाबी कापडाखाली सगळं वऱ्हाड लाजल्यासारखं दिसतं, पिवळ्या कापडाखाली सगळ्यांना कावीळ. फ्लॅश वर मारून बाउन्स केलात तर तोही कापडाचा रंग घेऊनच खाली येतो. मांडव रंगीत असेल तर फ्लॅश मांडवावर मारू नका. बाजूला कोणाला तरी पांढरी छत्री धरून उभं करा.

स्टेजवरच्या एलईडी दिव्यांनी फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येत असतील, तर शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे बहुधा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर त्या तालात बसलं की पट्टे जातात किंवा बरेच कमी होतात. डीजेच्या निळ्या-लाल फोकसखाली मात्र फार झटू नका. एकच रंग पूर्ण भरून वाहिला की चेहऱ्याचे बारकावे तिथे उरतच नाहीत. ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, छान दिसतात.

आता आत्याचे 3,100 फोटो. तुम्ही आजवर काय करत होतात ते मला न बघताही दिसतंय. पहिला फोटो उघडला, प्रीसेट लावला, पटला नाही, दुसरा लावला, अर्धा तास गेला, झोप आली. दुसऱ्या रात्री परत पहिल्यापासून. अशाने तीन हजार फोटो या जन्मी होत नाहीत. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड भरत नाही, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही. फोटोंची तीच गत आहे.

म्हणून पहिल्या फेरीत एडिटिंग बंद. एकाही स्लायडरला हात लावायचा नाही. लाइटरूममध्ये कॅप्स लॉक चालू करा. मग ‘एक्स’ दाबलं की फोटो नाकारला जातो आणि पुढचा आपोआप येतो, ‘पी’ दाबलं की निवडला जातो. त्याआधी मोठे प्रीव्ह्यू बनवून घ्या, रात्री लॅपटॉप लावून ठेवला तर सकाळी तयार असतात, नाहीतर प्रत्येक फोटोला गोल चक्र फिरत बसतं. पहिल्या फेरीत विचार करायचा तो एवढाच : डोळे मिटलेत? फोकस चुकलाय? कोणाच्या तरी पाठीचा फोटो आलाय? एक्स. एका फोटोला दोन सेकंद. शंका आली तर काहीच दाबू नका, पुढे जा. बहुतेक लग्नांत या एका फेरीत निम्मे फोटो गळतात.

दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी. एक रात्र मध्ये गेली की फोटो काढताना घाम गाळला होता हे जरा विसरायला होतं, आणि तेच हवं असतं. आता सारखे सारखे फोटो शेजारी-शेजारी ठेवा. मंगलाष्टकांच्या वेळचे अक्षता उडतानाचे चाळीस असतील. त्यातले तीन ठेवा. कोणते? अक्षता हवेत आहेत, नवरा-नवरी दोघांचे चेहरे दिसतात आणि मागे कोणी मोबाइल वर करून आडवं आलेलं नाही, असे. तांत्रिकदृष्ट्या थोडा हलला आहे पण आत्याच्या डोळ्यांत पाणी आहे, तो फोटो ठेवायचा. एकदम धारदार आहे पण सगळे कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभे आहेत, असे पाच असतील तर एक ठेवायचा. आणि एक व्यवहाराची गोष्ट : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा निदान एक तरी बरा फोटो यादीत आहे ना, ते शेवटी तपासा. मामा, काका, फुई (आत्या), सगळे. कलेच्या दृष्टीने तो फोटो फालतू असला तरी चालेल. फुईचा फोटो राहिला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

तीन हजारांचे साडेतीनशे-चारशे झाले की थांबा. द्यायचे तेवढेच. ‘सगळे दे, आम्ही निवडतो’ असं पार्टी नेहमी म्हणते. घरच्यांनाही सगळे द्यायचे नाहीत. वाईट अडीच हजारांत चांगले साडेतीनशे बुडतात आणि नाव तुमचं खराब होतं.

आता एडिटिंग. इथे तुमचा अर्धा तास दोन मिनिटांवर येईल, कारण फोटो एकेक करून एडिट करायचेच नाहीत. लग्न पाच-सहा उजेडांत होतं : सकाळची हळद, दुपारचा मांडव, मंगलाष्टकं, जेवणाच्या पंगती, संध्याकाळची विदाई. प्रत्येक उजेडातला एक फोटो घ्या, तो नीट करा आणि ‘सिंक’ने त्या उजेडातल्या बाकीच्यांना लावा. मग एकेक बघत फक्त एक्स्पोजर थोडं वर-खाली आणि क्रॉप. क्रम मी असा ठेवते : आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट आणि शॅडो, मग काळ्या-पांढऱ्याची टोकं. रंगांना सगळ्यात शेवटी हात. चुकीच्या व्हाइट बॅलन्सवर रंग सुधारत बसलं की एक नीट करताना दुसरा बिघडतो आणि रात्र संपते.

तुमचे प्रीसेट नेमके इथेच फसले. प्रीसेट म्हणजे कोणीतरी आपल्या फोटोवर केलेल्या हालचालींची नोंद. तो फोटो परदेशात ढगाळ दुपारी गोऱ्या कातडीचा काढलेला असेल, तर नारिंगी रंग किती हलवायचा हे त्याच्या कातडीवर ठरलं. तोच आकडा आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर गेला की चेहरा एकतर तांब्याच्या हंड्यासारखा नाहीतर राखेसारखा होतो. वर लाल शालू, हिरवा चुडा हे आपले रंग आधीच इतके भरलेले असतात की त्यांना ‘सॅच्युरेशन’ आणखी दिलं की शालूच्या जरीतले बारकावे गायब होऊन लाल डाग उरतो. 350 प्रीसेट पुसून टाका म्हटलं तर पैसे गेल्याचं वाईट वाटेल. निदान एका फोल्डरमध्ये कोंडून ठेवा. सहा महिने स्वतःच्या हाताने करा, मग जे आकडे परत परत वापरताय त्यांचा स्वतःचा प्रीसेट बनवा. तो एकच पुरेल.

याच्याशी जोडून आणखी एक. घरचे म्हणतील, नवरीला जरा गोरी कर. करू नका. मला हा आग्रह फार जुना आणि फार वाईट वाटतो, पण तो नुसता माझ्या मताचा प्रश्न नाही. कातडी उजळ करायला ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा) वर ओढला की गालांवरचा उजेड-सावलीचा उतार जातो आणि चेहरा पिठासारखा सपाट होतो. गळा एका रंगाचा, चेहरा दुसऱ्या. चेहरा उठून दिसायला हवा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याभोवती मास्क घेऊन, म्हणजे तेवढा भाग वेगळा निवडून, पार्श्वभूमी थोडी अंधारी करा. सावळी नवरी आपल्या रंगातच उजळून निघते आणि घरच्यांना वाटतं तुम्ही त्यांचं ऐकलं. मुरूम काढा, ते आठवड्यात जाणारं असतं. तीळ, गोंदण, जुना व्रण यांना हात लावू नका.

लॅपटॉपच्या स्क्रीनचं तुम्ही विचारलं नाही, पण माझी शंका तिथेही आहे. रात्री दिवा बंद करून, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट करत असाल तर फोटो गरजेपेक्षा अंधारे बनतात आणि लॅबमधून प्रिंट आले की काळे दिसतात. स्क्रीनचा उजेड अर्ध्याच्या आसपास, खोलीत पांढरा दिवा चालू. लॅपटॉपमधली ‘नाइट लाइट’ची पिवळी झाक एडिटिंगच्या वेळी बंद. ती चालू ठेवून रंग सुधारणारे मी पाहिलेत; त्यांचे सगळे फोटो निळे निघतात, कारण ते स्क्रीनचा पिवळेपणा फोटोतून काढत बसतात. खरी परीक्षा स्वस्तात होते : अल्बमला देण्याआधी त्याच लॅबमधून चार-सहा फोटो 4 बाय 6 मध्ये काढून आणा, स्क्रीनशेजारी धरा आणि फरक बघून स्क्रीनचा उजेड त्याप्रमाणे बसवा.

एक्स्पोर्ट करताना ‘कलर स्पेस’ (रंग नोंदवण्याची पद्धत) एसआरजीबीच ठेवा. कॅमेऱ्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये अडोबी आरजीबी निवडलेलं असेल तर मोबाइलवर बऱ्याचदा रंग मरगळलेले दिसतात. अल्बमसाठी पूर्ण आकाराची फाइल द्या. व्हॉट्सअॅपसाठी वेगळी, लांब बाजू 2048 पिक्सेलची. नातेवाइकांना मूळ दर्जा हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप त्याचा चेंदामेंदा करतं आणि लोक म्हणतात कॅमेऱ्यापेक्षा माझा मोबाइल बरा.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. लाइटरूमला दर महिन्याला पैसे मोजायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. डार्कटेबल शिकायला जरा चिवट आहे. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हीसुद्धा त्या त्या कॅमेऱ्यासाठी फुकट मिळतात, आणि त्यांत फोटो उघडला की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचाच रंग दिसतो. तुमचा फिकटपणाचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

फाइली ठेवण्याचं थोडक्यात. ‘न्यू फोल्डर 3’ असलं नाव तुमच्याकडे असणारच. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा आणि पुढे कार्यक्रम, गाव. मग ते आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. कार्डावरून फोटो लॅपटॉपवर आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर, दोन्हीकडे गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. तिसरी प्रत दुसऱ्या घरात, मामाकडे धुळ्याला चालेल. लाइटरूम तुमचे बदल कॅटलॉग नावाच्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे नुसत्या फोटोंची प्रत काढून भागत नाही, कॅटलॉगचीही काढा. ऐन एडिटिंगमध्ये वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी तुम्हाला वाचवते, पण बाहेरून वीज घेणारी हार्डडिस्क त्याच क्षणी बंद पडते. यूएसबीवर चालणारी छोटी डिस्क घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर 50 मिमी एफ 1.8 ची लेन्स घ्या. तुमच्या कॅमेऱ्यावर ती साधारण 75-80 मिमीसारखी वागते, चेहऱ्यांसाठी उत्तम. किट लेन्स पंचावन्नवर नेली की तिचं तोंड एफ 5.6 पर्यंतच उघडतं (एफचा आकडा लहान, तेवढं तोंड मोठं; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्यापेक्षा ही लेन्स तीन स्टॉपहून जास्त उजेड घेते, म्हणजे आठपटीच्याही वर. फुल फ्रेम घेऊन तुम्हाला साधारण सव्वा स्टॉपचा फायदा झाला असता, तोही दीड लाख मोजून. राहिलेल्या पैशांत एक साधा फ्लॅश येईल.

कोर्सऐवजी मी तुम्हाला चाळीसगावला पाठवेन. केकी मूस (1912-1989) हे नाव ऐकलं असेल. मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस चाळीसगावला येऊन राहिला आणि आयुष्याचा मोठा भाग त्याने रेल्वे स्टेशनजवळच्या एका घरातच काढला. घराबाहेर तो क्वचितच पडला. पण टेबलावर छोट्या वस्तू मांडून, दिव्यांचा कोन बदलत त्याने जे फोटो काढले, त्यांना जगभरच्या प्रदर्शनांतून बक्षिसं मिळाली. त्याचं काम तिथे जपून ठेवलंय. जाऊन बघा, आणि बघताना प्रत्येक फोटोत उजेड कुठून आलाय एवढंच शोधा. एका टेबलावर किती प्रकारचा उजेड मावतो ते कळेल.

मग घरी येऊन महिनाभर एकच काम करा. रोज एक फोटो, आपल्या घरातला किंवा बागेतला, एकाच लेन्सने, झूम न हलवता. दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा बटण दाबायचं नाही. संध्याकाळी त्यातला एक ठेवायचा, नऊ पुसायचे. भरताची वांगी भाजतानाचा जाळ, केळीचा घड उतरवताना आईने खांद्यावर ठेवलेलं फडकं, ओट्यावर बसून बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालणारी शेजारची आजी. आजीला आधी विचारा. विचारण्याची ही सवय पुढेही सोडू नका. होळीला अक्कलकुव्याजवळच्या काठी गावाला जाल तेव्हा तर मुळीच नाही. अंगावर ठिपके रंगवून, मोरपिसांचा टोप घालून नाचणारे तिथले बावा-बुध्या नवस आणि व्रत पाळत असतात, ते काही तुमच्या कॅमेऱ्यासाठी सजलेले नसतात.

पुढच्या सारंगखेड्याला सकाळी लवकर पोचा. डिसेंबरात सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास, घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ आणि सूर्य घोड्याच्या मागे : सगळी धूळ सोन्यासारखी पेटते. खाली बसून काढा. पळता घोडा गोठवायचा असेल तर शटर 1/1000; तो वेगात आहे असं दिसायला हवं असेल तर 1/60 वर आणा आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत बटण दाबा. बरेच फोटो वाया जातील. जाऊ द्या.

राहिला ठिपका. प्रत्येक फोटोत एकाच जागी येतो, म्हणजे धूळ लेन्सवर नाही, सेन्सरवर बसली आहे. एफ 16 वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्या, असतील ते सगळे ठिपके दिसतील. बॅटरी पूर्ण भरा, मेनूमधल्या ‘मॅन्युअल क्लीनिंग’ने आरसा वर घ्या, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. ब्लोअरचं टोक आत घालायचं नाही. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. एवढ्याने गेला नाही तर सर्व्हिस सेंटरकडे द्या, कापूस-बड घेऊन स्वतः पुसायला जाऊ नका. आणि ज्या जुन्या फोटोंत तो ठिपका आहे तिथे एका फोटोवर हीलिंगने (डाग पुसायच्या टूलने) काढा आणि ती दुरुस्ती बाकीच्यांना सिंक करा. ठिपक्याची जागा ठरलेली असल्यामुळे मोकळ्या आकाशाचे सगळे एका फटक्यात साफ होतात. ज्यात त्याच जागी झाड किंवा झेंडा आलाय तेवढे मात्र हाताने बघावे लागतील. पुढच्या खेपेला लेन्स बदलायचीच झाली तर गाडीत बसून, काचा वर करून बदला.